जुन्या मोटारीच्या स्टिअरिंग कॉलमचा आधार

स्टिअरिंग कॉलमचा आधार म्हणजे मोटारीचे सुकाणूचक्र ज्या लांब नळीच्या टोकाला बसवलेले असते, ती नळी मोटारीच्या सांगाड्याला अथवा बॉडीला घट्ट धरून ठेवणारी रचना होय. या रचनेत सामान्यतः खालचा जोड, मधली पट्टी आणि डॅशबोर्डाखालची पकड असे दोन किंवा तीन भाग असतात. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींमध्ये हे भाग झिजतात, गंजतात किंवा त्यांना तडे जातात. त्यामुळे सुकाणूचक्र हलू लागते आणि गाडीवरील नियंत्रण कमी होते. अशा मोटारींचे जतन करताना आधार पूर्ववत करणे किंवा तो मूळच्यापेक्षा मजबूत करणे हे दुरुस्तीतील महत्त्वाचे काम मानले जाते. मात्र आधार अधिक ताठ केला म्हणजे मोटार अधिक सुरक्षित झाली असे होत नाही. चुकीच्या जागी दिलेला भक्कम आधार अपघातात चालकाला अधिक घातक ठरू शकतो. महाराष्ट्रात पुणे हे मोटारनिर्मिती, सुटे भाग आणि वाहनचाचणी या तिन्हींचे केंद्र असल्याने या कामाला लागणारी साधने व कौशल्ये तेथे एकत्र आढळतात.

रचना

जुन्या मोटारीत सुकाणूचक्रापासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत बहुधा एकच सलग पोलादी दांडा जातो. या दांड्याभोवती असलेल्या स्थिर नळीला कॉलम म्हणतात. दांडा फिरतो, नळी फिरत नाही. दोहोंच्या मध्ये वरच्या टोकाला बुश किंवा बेअरिंग असते. स्टिअरिंग बॉक्स चॅसीच्या बाजूच्या तुळईला किंवा, स्वतंत्र चॅसी नसलेल्या गाडीत, बॉडीच्या पुढील भागाला बोल्टांनी बसवलेला असतो. नळी इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधील पडदीतून आत येते. या पडदीला कारागीर फायरवॉल म्हणतात. तेथून वर आल्यावर डॅशबोर्डाखालील ब्रॅकेट नळीला वेढून धरते. ब्रॅकेट आणि नळी यांच्यामध्ये रबर किंवा चामड्याचा पट्टा घालण्याची पद्धत होती. तो कंपने शोषतो आणि धातूवर धातू घासू देत नाही.

आधाराची कामे तीन आहेत. चक्र चालकासमोर ठरलेल्या उंचीवर व कोनात ठेवणे हे पहिले. दांडा आणि स्टिअरिंग बॉक्स यांना एका रेषेत ठेवणे हे दुसरे. चालकाने चक्रावर दिलेले आडवे-उभे बल बॉडीपर्यंत पोहोचवणे हे तिसरे. गाडीत चढता-उतरताना चक्राला धरून अंग ओढण्याची सवय सर्वत्र आढळते, आणि त्या क्षणी आधारावर येणारा भार गाडी चालवतानाच्या भारापेक्षा मोठा असू शकतो.

भार आणि कंपने

वरच्या आधाराचे महत्त्व साध्या तरफेच्या हिशेबाने स्पष्ट होते. स्टिअरिंग बॉक्सपासून वरचे ब्रॅकेट ९०० मिमी अंतरावर आणि चक्र त्याच्याही पुढे ३०० मिमी अंतरावर आहे असे मानू. चालकाने चक्र २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाइतक्या बलाने वर ढकलले, तर वरच्या ब्रॅकेटवर सुमारे २६७ न्यूटन बल येते आणि खालच्या जोडावर उलट दिशेने सुमारे ६७ न्यूटन. ब्रॅकेट निकामी असेल, तर हाच धक्का १,२०० मिमी लांबीच्या तरफेने स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांवर जातो आणि तेथे २४० न्यूटन-मीटर एवढे वाकवणारे आघूर्ण निर्माण होते. डॅशबोर्डाखालचा एक सैल बोल्ट दीर्घकाळ तसाच ठेवल्यास बॉक्सचे बोल्ट ढिले होणे किंवा चॅसीला तडा जाणे असे परिणाम संभवतात, ते यामुळेच.

दुसरा प्रश्न कंपनांचा. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनी मंद चालत असेल, तर स्फोटांची वारंवारता सेकंदाला २५ होते. कॉलमची स्वतःची नैसर्गिक वारंवारता याच्या जवळ असल्यास अनुनाद होऊन चक्र थरथरते. नैसर्गिक वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. आधाराची ताठरता झिजेमुळे एक चतुर्थांश झाली, तर ४० हर्ट्झची वारंवारता २० हर्ट्झवर येते आणि कमी होत असताना ती २५ हर्ट्झच्या टप्प्यातून जाते. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे चक्र पूर्वी स्थिर असून आता थरथरत असेल, तर त्याचे कारण इंजिनाच्या आधारांबरोबरच कॉलमच्या आधारातही शोधले जाते.

जुन्या मोटारींतील प्रकार

फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७). भारतासह ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत फोर्डच्या गाड्या कॅनडातून येत. मॉडेल टीमध्ये वेग कमी करणारे दंतचक्र चॅसीजवळ नसून सुकाणूचक्राच्या अगदी खाली, कॉलमच्या माथ्यावर असते. चक्राच्या सुमारे चार फेऱ्यांना दांड्याची एक फेरी होते. उत्तरार्धातील गाड्यांत हे प्रमाण पाचास एक झाले. स्थिर दंतकडे नळीलाच जोडलेले असल्याने चक्र फिरवताना नळीवरही पीळ पडतो. हा पीळ फायरवॉलवरील बसकण आणि चॅसीवरचे खालचे ब्रॅकेट यांना पेलावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत ही फायरवॉल लाकडी होती. लाकूड वाळून आकसले की बोल्टांची छिद्रे सैल होतात. खालच्या ब्रॅकेटातील बुश झिजल्यास दांड्याचे टोक हलते आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का चक्रापर्यंत येतो.

फोर्ड मॉडेल ए (१९२७–१९३१). या गाडीची इंधनटाकी समोरच्या काचेखाली, बॉडीचाच भाग म्हणून बसवलेली असते आणि कॉलमचे वरचे ब्रॅकेट या टाकीच्या खालच्या बाजूस अडकवलेले असते. त्यामुळे येथे आधार दुरुस्त करताना वेल्डिंग करणे धोक्याचे असते. टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ उरते आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे तिचीच भारतीय आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी तयार झाली. या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा कॉलमवरच आहे. परिणामी दर वेळी गिअर बदलताना कॉलमला आडवा धक्का बसतो आणि डॅशबोर्डाखालचे ब्रॅकेट व त्यालगतचा पत्रा यांवर लाखो वेळा भार येतो. ब्रॅकेट सैल झाले की गिअर नीट न पडणे हे लक्षण दिसते, आणि दोष गिअरबॉक्सचा समजून तो विनाकारण उघडला जाण्याची शक्यता असते. सुरुवातीच्या अँबॅसेडर गाड्यांतही गिअरचा दांडा कॉलमवर असल्याने त्यांनाही हे लागू पडते.

झीज आणि निदान

आधार बिघडण्याची नेहमीची कारणे म्हणजे रबर कडक होऊन तुटणे, बोल्टांची छिद्रे लांबट होणे, पत्र्याचे स्पॉट वेल्ड सुटणे आणि गंज. पावसाळ्यात समोरच्या काचेच्या रबरी पट्टीतून झिरपणारे पाणी डॅशबोर्डामागे उतरते आणि ब्रॅकेटची बसकण आतून खाते. वरून रंग शाबूत दिसत असल्याने हा गंज उशिरा लक्षात येतो.

निदानात दोन प्रकारची ढिलाई वेगळी करणे आवश्यक असते. चक्र फिरवताना चाके हलण्यापूर्वी जी मोकळी फिरकी जाणवते, ती स्टिअरिंग बॉक्स व सांध्यांतील झिजेमुळे असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार ही फिरकी चक्रावर ३० अंशांपेक्षा अधिक असू नये. ४०० मिमी व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे १०५ मिमी अंतर होते. चक्र न फिरवता वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे ढकलल्यावर जी हालचाल होते, ती आधाराची ढिलाई होय. आधार कितीही मजबूत केला तरी पहिल्या प्रकारची ढिलाई जात नाही.

तपासणी इंजिन बंद ठेवून, पुढील चाके सरळ करून केली जाते. एक जण चक्राची कड धरून ते सर्व दिशांना हलवतो आणि दुसरा ब्रॅकेट, फायरवॉल व स्टिअरिंग बॉक्स या तिन्ही ठिकाणी हालचाल कोठे सुरू होते ते पाहतो. त्यानंतर पुढील चाके जमिनीपासून उचलून, गाडी स्टँडवर स्थिर करून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले जाते. मध्येच जड लागणे हे दांडा वाकल्याचे किंवा कॉलम ताणून बसवल्याचे चिन्ह असू शकते. तडा शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे भागाला रॉकेल लावून पुसणे आणि वर खडूची पूड फासणे. तड्यात शिरलेले रॉकेल पुन्हा बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. याच तत्त्वावरील रंगीत द्रवाची चाचणी आता कार्यशाळांत वापरली जाते.

मजबुतीकरण

काम खालून वर करण्याचा क्रम रूढ आहे. आधी स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि त्याखालील चॅसी किंवा पत्रा तपासतात, नंतर खालचा बुश, मग फायरवॉलवरील बसकण आणि शेवटी डॅशबोर्डाखालचे ब्रॅकेट. पाया सैल ठेवून वरचे ब्रॅकेट आवळल्यास दांड्यावर वाकवणारा ताण कायम राहतो.

सुधारणेचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

बुश बदलणे: झिजलेल्या बुशाच्या जागी फॉस्फर ब्राँझ किंवा नायलॉनचा बुश लेथवर मापानुसार करून बसवतात. अनेक गाड्यांत एवढ्याने मूळ ताठरता परत येते.

मागून पट्टी देणे: छिद्र लांबट झालेल्या किंवा पातळ झालेल्या पत्र्यामागे सुमारे ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी ठेवून त्याच बोल्टांनी आवळतात. भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि नवे छिद्र पाडावे लागत नाही.

ब्रॅकेट नव्याने घडवणे: मूळ ब्रॅकेटाच्या नमुन्यावरून, वाकण्याच्या जागी त्रिकोणी टेकू देऊन, नवे ब्रॅकेट करतात. केवळ जाडी वाढवण्यापेक्षा असा टेकू अधिक परिणामकारक ठरतो, कारण वाकण्यास होणारा विरोध आकारावर अधिक अवलंबून असतो.

मधला टेकू जोडणे: ज्या गाडीत कॉलमला दोनच ठिकाणी आधार आहे, तिच्यात फायरवॉलपासून अथवा डॅशबोर्डाच्या आडव्या पट्टीपासून तिसरा आधार दिला जातो. हा बदल मूळ रचनेपासून सर्वांत दूर जाणारा असून तो कोठून कोठे जोडावा हा अपघाताच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे.

बोल्ट ८.८ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे घेऊन त्यांना लॉकनट किंवा स्प्लिट पिन देतात. आटे जुळणेही महत्त्वाचे असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ कुळातील, अमेरिकन गाड्यांत इंचमापी आणि इटालियन गाड्यांत मेट्रिक आटे असतात. जवळपासच्या मापाचा बोल्ट जबरदस्तीने फिरवल्यास तो आवळल्यासारखा वाटतो, पण आटे मोडलेले असतात. फिरणारा दांडा, स्टिअरिंगचे हात आणि सांधे यांवर वेल्डिंग करणे टाळले जाते, कारण उष्णतेने त्यांच्या पोलादावर केलेली प्रक्रिया नष्ट होऊन भाग अचानक तुटू शकतो.

बसवणी

बसवताना सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवतात. स्टिअरिंग बॉक्स जागेवर आवळल्यानंतर कॉलम ज्या रेषेत आपोआप येतो, त्या रेषेत ब्रॅकेट आणले जाते. फट राहिल्यास ती पातळ चकत्यांनी भरतात. कॉलम ओढून ब्रॅकेटापर्यंत आणत नाहीत. ब्रॅकेटाचे बोल्ट शेवटी आवळतात आणि पुन्हा एकदा चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहतात. आवळण्यापूर्वी हलके फिरणारे चक्र नंतर जड झाले, तर रेषा चुकली असा त्याचा अर्थ होतो.

जुन्या गाड्यांत हॉर्नची तार बहुधा कॉलममधूनच जाते. ती ब्रॅकेटखाली दबल्यास शॉर्टसर्किट होते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढतात. कॉलमवर गिअर असलेल्या गाडीत आधाराची जागा थोडी बदलली तरी गिअरच्या सळ्यांची लांबी पुन्हा जुळवावी लागते.

अपघातातील वर्तन

सलग दांड्याच्या मोटारीत समोरून धडक बसल्यास स्टिअरिंग बॉक्स मागे ढकलला जातो आणि त्याबरोबर दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे सरकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही गंभीर दुखापतींची एक प्रमुख वाट होती. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांच्या सुरक्षित स्टिअरिंग दांड्याला १९६३ मध्ये पेटंट मिळाले. जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांपासून दाबाखाली आखडणारा कॉलम आणला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या मानकानुसार ताशी ४८ किमी वेगाच्या समोरील धडकेत कॉलम १२७ मिमीपेक्षा अधिक मागे येता कामा नये. भारतात स्टिअरिंगच्या आघातापासून चालकाच्या संरक्षणासाठी आयएस ११९३९ हे मानक आहे.

आखडणाऱ्या कॉलममध्ये वरचे ब्रॅकेट हाच सुरक्षेचा भाग असतो. चालकाची छाती चक्रावर आदळली की ब्रॅकेट ठरावीक बलानंतर सुटते आणि कॉलमला पुढे सरकू देते. उलट दिशेला, म्हणजे चालकाकडे, ते सुटत नाही. अशा गाडीत सुटणाऱ्या तुकड्यांच्या जागी साधे बोल्ट घालून ब्रॅकेट ‘पक्के’ केले, तर संपूर्ण रचना निकामी होते. सलग दांड्याच्या गाडीत ही सोय मुळातच नसते. तरीही फायरवॉलला जोडलेला ताठ तिसरा टेकू धडकेत मागे येणाऱ्या फायरवॉलचा धक्का कॉलमच्या वरच्या भागापर्यंत पोहोचवू शकतो. यासाठी तिसरा आधार शक्यतो डॅशबोर्डाच्या आडव्या पट्टीला देणे आणि तो आडवी हालचाल रोखेल इतपतच ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. अशी गाडी कमी वेगाने चालवणे हाही सुरक्षेचाच भाग ठरतो.

कायदेशीर बाजू

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने तिला पात्र आहेत. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित प्रवासासाठी नाही. १९७४ पासून तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांपैकी सर्वांत जुन्या गाड्या आता या वयोमर्यादेपर्यंत पोहोचल्या आहेत.

आधाराच्या कामात हा नियम महत्त्वाचा ठरतो. बोल्टांनी बसवलेले आणि काढता येणारे ब्रॅकेट हा दुरुस्तीचा भाग समजता येतो. बॉडी कापून किंवा तिला नवी तुळई वेल्ड करून दिलेला आधार मात्र, विशेषतः स्वतंत्र चॅसी नसलेल्या गाडीत, बॉडीतील फेरबदल मानला जाण्याची शक्यता असते. याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहेत.

पुणे आणि परिसर

पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज ऑटो आणि पिंपरी येथे टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांचे कारखाने १९६०च्या दशकात उभे राहिले. त्यांना भाग पुरवणाऱ्या लहान कार्यशाळा पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरात वाढल्या. एकच बुश किंवा एकच ब्रॅकेट नमुन्यावरून करून देणारे लेथ, मिलिंग आणि शीट मेटलचे कारागीर या औद्योगिक पट्ट्यात मिळतात. शहरातील नाना पेठ ही मोटारीच्या सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ असून मंगळवार पेठेजवळ भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेले भाग आढळतात.

वाहनांची चाचणी व प्रमाणीकरण करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था कोथरूडजवळील टेकडीवर आहे. भारतीय वाहन उद्योगाची मानके ठरवणाऱ्या समितीचे कामकाजही या संस्थेमार्फत चालते. भोसरी येथे केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे. आजच्या गाडीचा कॉलम धडकेत किती मागे यावा हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा आणि असे कोणतेही मोजमाप नसलेल्या काळातील गाड्या दुरुस्त करणारे कारागीर असे दोन्ही एकाच परिसरात आहेत.

जतनाची दृष्टी

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेनुसार, वाहनात करावे लागणारे बदल शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत आणि नवे भाग ओळखू येतील असे असावेत. कॉलमच्या आधाराबाबत याचा अर्थ नवे छिद्र न पाडणे, मूळ ब्रॅकेट जपून ठेवणे, नव्या भागावर आतल्या बाजूस वर्ष कोरणे आणि कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे गाडीच्या कागदपत्रांत ठेवणे असा होतो. मूळ भाग झिजला तरी त्याची छिद्रे, जाडी आणि वळणे हीच पुढील दुरुस्तीसाठी सर्वांत विश्वसनीय माहिती असते. मात्र तडा गेलेले मूळ ब्रॅकेट केवळ अस्सलपणासाठी गाडीत तसेच ठेवणे योग्य मानले जात नाही. गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर स्टिअरिंग आणि ब्रेक यांच्या बाबतीत सुरक्षितता आधी आणि मूळ स्वरूप नंतर, असा क्रम पाळला जातो.

हे सुद्धा पहा

प्रीमियर पद्मिनी
फोर्ड मॉडेल टी
वालचंद हिराचंद
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया